धुराचं गाऱ्हाणं

“बाबा, धुक्याक कधी वास येता?”

बाबांनी तोंडाला पंचा गुंडाळला होता, त्यामुळे उत्तर आलं ते नुसतं “हूं” असं. ते काजूच्या बुंध्याशी वाकून सुका पाला खराट्याने ओढत होते. एक ढीग आधीच पेटला होता. धूर उठत होता, पण वर जात नव्हता. कमरेएवढा व्हायचा आणि मग दूध सांडावं तसा पसरायचा, आमच्या गोठ्याकडे, घराकडे, खाली नदीकडे.

“काय म्हणतंस?” पंचा खाली ओढून बाबांनी विचारलं.

“तुमी काल आईक सांगत होतास, पाटेफुडे धुका पडता म्हणान खोकलो येता. तर माका सांगा, धुक्याक काजीच्या पाल्याचो वास कसो काय?”

“तुका शाळेत घातलंय ती चूकच झाली,” बाबा म्हणाले, आणि खोकले. साधं खोकणं नव्हे. खराट्याला धरून, गुडघे वाकवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आई पडवीतून ओरडली, “आज तरी ऱ्हवा म्हटलंय! आज गाऱ्हाणा घालूचा आसा ना तुमका?”

“वारो पडलेलो आसा,” बाबा कसेबसे म्हणाले. “आता नाय जाळलंय तर कधी जाळू? बियो गळाक लागल्यो.”

हे दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्याचं. मी आठवीत होते. आता दहावीत आहे आणि शाळेतली प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, स्पर्धांचे निकाल सगळं मीच सांगते, माइकशिवाय. माइक लावला तर खिडक्या हादरतात, असं परुळेकर सर म्हणतात. पण तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा माझं तोंड फक्त घरात चालायचं. बाहेर मी मुकी. कारण माझा आवाज हा असा, बापाकडून आलेला. सातवीत प्रार्थनेला आमच्या तेव्हाच्या बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “हर्षाली, तू नुसते ओठ हलव हां बाळा.” मागच्या रांगेतल्या पोरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी ‘भोंगा’. मग मी ओठच हलवत राहिले. वर्षभर.

तर आमची वाघतळी. एसटी स्टँड आहे, बाजारपेठ आहे, म्हणून शहर म्हणायला हरकत नाही. पुलावर उभं राहिलं की एक पाय महाराष्ट्रात आणि एक गोव्यात ठेवता येतो, आणि खाली तिळारी नदी. बाकी तिन्ही बाजूंनी घाट, आणि घाटावर असलं जंगल, की भर दुपारी आत गेलात तर पायाखालची वाट शोधावी लागते. टोपात बसल्यासारखं गाव आमचं. पावसात या टोपात पाणी ओततात, आणि शिमग्याच्या सुमाराला धूर.

कारण माघ सरला की सगळे जाळतात. काजूखालचा पाला जाळायचा, म्हणजे पडलेल्या बिया दिसतात. भाताचं रोप करायच्या जागेवर फांद्या, शेण, गवत पसरून ते भाजायचं. बागेतलं रान जाळायचं, वाटेतलं रान जाळायचं. आणि सगळे जाळतात ते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि आग धावत नाही. आग धावत नाही हे खरं. पण मग धूरही धावत नाही. तो आमच्यासोबत राहतो, सकाळी शाळेत येतो, फळ्यावर बसतो.

त्याला सगळं गाव धुकं म्हणतं. “काय ह्या धुका पडला!” म्हणत लोक खोकत चहा पितात. अगदीच डोळे चुरचुरले तर म्हणतात, “पलीकडचो धूर आसा, गोयांतलो.” पलीकडचे म्हणतात, महाराष्ट्रातला.

त्या वर्षी शाळेला एका संस्थेने हवा मोजायची पेटी दिली होती. फाटकाच्या खांबावर लावली होती. हवा बरी असेल तर हिरवा दिवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लावल्यापासून रोज सकाळी लाल. लोक म्हणाले, बिघडलेली पेटी दिली आपल्याला, फुकटचं ते असलंच. मग परुळेकर सरांनी ती काढून स्कूटरवरून पुलापलीकडे नेली. तिथेही लाल. तिथला चहावाला म्हणाला, “आमगेर हाडून कित्याक दाखयतात, सर? तुमचोच धूर तो!” फक्त दुपारी, वारा सुटला, झाडं हलायला लागली, की पेटी पिवळी व्हायची, आणि कधी कधी चक्क हिरवी. मी डबा खाताना तिच्याकडे बघत बसायचे. मुक्या माणसाला दुसरं काम काय?

आता गाऱ्हाण्याचं सांगते.

शिमग्यात मांडावर, म्हणजे देवळापुढच्या मोकळ्या जागेत, देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गाव गोल उभा राहतो, एक जण देवाला मोठ्याने सगळं सांगतो, याचं भलं कर, त्याची अडचण दूर कर, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका आवाजात “होय म्हाराजा!” म्हणतो. आमच्या गावात तो मान आमच्या घराचा, गवसांचा. पूर्वी नाइकांचा होता. पण नाइकांच्या बाबलकाकांचे आजोबा गाऱ्हाणं घालताना मध्येच शिंकले, एक नाही, ओळीने सात-आठ. गाऱ्हाणं तुटलं. आणि तुटलेलं गाऱ्हाणं म्हणजे मान दुसऱ्या घराला, हा नियम. तेव्हापासून मान आमच्याकडे, आणि बाबलकाका जन्मल्यापासून कुणा गवसाच्या शिंकेची वाट बघताहेत.

बाबांना शिंक नव्हती येत. दम लागत होता. डॉक्टरांनी सावंतवाडीत तपासून ओढायचा पंप दिला होता आणि धुरात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बाबांनी पंप घेतला आणि धुराचं ऐकलंच नाही. पंप ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि गोठ्यात जाऊन ओढायचे, म्हशीसमोर. म्हैस कुणाला सांगणार नव्हती.

“कोणाक कळला तर?” एकदा ते आईला म्हणताना मी ऐकलं होतं. “दम नसलेल्या माणसान गाऱ्हाणा घालूचा काय? बाबल हसान हसान मरात.”

“मरूंदे,” आई म्हणाली होती. “तुमी मरू नकात.”

तर त्या सकाळी बाबांनी आग विझवली, आंघोळ केली, धोतर नेसले, डोक्याला फेटा बांधला. काय दिसत होते! मी म्हटलं, “बाबा, दाखवा एकदा.” ते पडवीत उभे राहिले, छाती भरली, आणि “बा देवा म्हाराजाऽऽ” अशी सुरुवात केली. तो ‘ऽऽ’ दरवर्षी विहिरीपर्यंत जायचा. त्या दिवशी तुळशीपाशीच बसला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तुळशीकडे बघितलं.

“चल,” ते म्हणाले. “मागणी सांग माका परत.”

हे आमचं दोघांचं काम. शिमग्याआधी आठवडाभर लोक बाबांकडे येऊन आपापलं मागणं कानात सांगतात. बाबांच्या डोक्यात राहत नाही, माझ्या राहतं. म्हणून बाबा गोठ्यात गाऱ्हाण्याचा सराव करायचे आणि मी शेणाची टोपली बाजूला ठेवून पुढचं पुढचं सांगत जायचे. वाटेने जाताना मी म्हणत होते, “सरूमावशीच्या झिलाक नोकरी. मग पुलावरचो दिवो. मग फाटकांच्या म्हशीक रेडको नको, पारडी होऊंदे. मग सकाळची एसटी.”

“आणि बाबलच्या झिलाचा लगीन,” बाबा म्हणाले.

“तेय घालतलास?”

“मागणा आयलेला घालूचाच लागता. देवाकडे दुश्मनी नाय.”

मांडाकडे जाताना शाळा लागते. पेटी लाल. बाबांनी पंचा तोंडावर धरला आणि म्हणाले, “सुट्टीच्या दिवशीय चालूच काय गो ती?”

“हवेक सुट्टी नसता, बाबा.”

मांडावर गाव जमला होता. होळीचं उंच खोड मधोमध, त्याच्या बुडाशी नारळांचा ढीग, पुढे देवाचे तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेले देवखांब, सजवून उभे केलेले. पुरुष एका अंगाला, बायका आणि आम्ही मुली दुसऱ्या अंगाला. आणि सगळ्यांच्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंत तो पांढरा पडदा. ढोल वाजत होते ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

“काय झिलू,” बाबांना नावाने हाक मारत बाबलकाका पुढे आले. डोक्यावर नवी टोपी, हातात सुपारी. “काय धुका पडला हा मरे यंदा! आज दम पुरतलो मा तुका?”

“तुझ्या झिलाच्या लग्नापर्यंत पुरतलो,” बाबा म्हणाले.

लोक हसले. बाबलकाकाही हसले, पण ते जागेवरून हलले नाहीत. बाबांच्या अगदी मागे, एका हाताच्या अंतरावर उभे राहिले. तयारीत.

ढोल थांबले. बाबांनी नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

“होय म्हाराजा!” सगळा गाव.

“बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, आज वरसाच्या शिमग्याक तुझी लेकरा, लहान-थोर, हातातली कामा सोडून तुझ्या मांडार उबी आसत…”

“होय म्हाराजा!”

“त्येंची राखण कर. रानात गेलो तर जनावरापासून, नदीत उतारलो तर पाण्यापासून…”

“होय म्हाराजा!”

मी ओठ हलवत होते. प्रत्येक शब्द बाबांच्या आधी माझ्या ओठांवर यायचा. सरूमावशीच्या मुलाची नोकरी झाली. पुलावरचा दिवा झाला. फाटकांच्या म्हशीपाशी बाबांचा आवाज जरा खरखरला. आई माझ्या बाजूला होती, तिने माझं मनगट धरलं. आणि सकाळच्या एसटीपाशी, “सकाळची जी गाडी आमच्या पोरांका घेवन जाता, ती…” इथे बाबांनी श्वास घेतला, आणि तो आत गेलाच नाही.

मी पाहिलं. त्यांचे खांदे वर गेले आणि वरच राहिले. तोंड उघडं. हात सदऱ्याकडे गेला, आतल्या खिशावर थांबला, आणि परत खाली आला. सगळ्या गावासमोर ते पंप काढणार नव्हते.  मग खोकला आला, सकाळसारखाच, वाकवणारा.

 गाव “होय म्हाराजा” म्हणायला तोंड उघडून उभा, आणि म्हणायला काही नाही.

बाबलकाकांनी टोपी नीट केली. “ऱ्हवांदे झिलू,” ते मायेने म्हणाले. अगदी मायेने. त्याचा मला जास्त राग आला. “सर बाजूक. मी घालतंय.”

तुम्हाला खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. मला एवढंच वाटलं, की बाबा पुढचं विसरलेत असं समजून आपण त्यांना पुढचा शब्द द्यावा, गोठ्यात देते तसा. हळूच. फक्त माझा ‘हळूच’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे आता.

“ती टायमार येऊंदे रे म्हाराजाऽऽ!”

तो ‘ऽऽ’ होळीच्या खोडाला लागला, देवळाच्या भिंतीला लागला, नदीपर्यंत गेला असेल. आणि गाव वाटच बघत होता ना? सगळ्यांनी, धुरात कोण बोललं ते न बघता, एका दमात म्हटलं,

“होय म्हाराजा!”

बाबलकाकांनीसुद्धा म्हटलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी.

मग सगळ्यांच्या माना फिरल्या. बायकांच्या बाजूला. माझ्याकडे. आईने माझं मनगट सोडलं. मी विचार केला, आता थांबले तर इथेच तुटणार. गाऱ्हाणं चालू आहे तोवर ते कुणाचंही असेना, चालू आहे.

मी पुढे गेले. नारळांच्या ढिगापाशी. बाबा वाकलेले होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि नारळ माझ्या हातात दिला. का दिला, रागाने दिला की पडू नये म्हणून दिला, ते कळायला वेळ नव्हता.

“आणि बा म्हाराजा, तुझो लेकरू बाबल नाईक, त्येच्या झिलाचा, मंगेशाचा, तीन वरसा लगीन जुळणा नाय…”

“होय म्हाराजा!” इथे बायका जोरात.

“ता येत्या वैशाखात जुळवन दी, सून गुणाची मेळूंदे, आणि सासऱ्याक गप बसवणारी मेळूंदे!”

“होय म्हाराजा!” हसत हसत, पण म्हटलंच.

मागणी संपली होती. आता फक्त शेवटचं ‘इडापिडा टळूंदे’ म्हणायचं आणि नारळ फोडायचा. मला ते पाठ होतं. पण माझ्या मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा, आणि समोर गाव धुरात बुडालेला, आणि माझ्या छातीत हवा अजून शिल्लक होती. ढीगभर शिल्लक होती! वर्षभराची साठलेली.

“आणि बा म्हाराजा! ह्या वाघतळीत पाटेफुडे आणि तिन्हीसांजा जा काय पसारता, त्येका आमी धुका म्हणतंव…”

“होय म्हाराजा!”

“ता धुका न्हय रे म्हाराजा, तो धूर आसा!”

“होय म्हाराजा!” सवयीने आलं, आणि मग लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“तो गोयांतलो न्हय, आमच्याच काजीखालचो आसा!”

“होय… म्हाराजा.” थोडं विरळ.

“माझ्या बापाशीन आज सकाळी स्वता जाळल्यान, आणि आता त्येकाच दम लागता…”

इथे कुणीच काही म्हटलं नाही. मी थांबले. गाऱ्हाण्यात उत्तर नाही आलं तर पुढे जाता येत नाही. मला ढोलाच्या कातड्यावर कुणाचं तरी बोट घसरल्याचा आवाज ऐकू आला, इतकं शांत.

“होय म्हाराजा,” मागून बाबा म्हणाले.

एकटेच. घोगरे. पण स्पष्ट.

माझे डोळे चुरचुरले. धुरानेच.

“म्हणान बा म्हाराजा,” मी ओरडले, अक्षरशः ओरडले, “आजपासून तुझ्या लेकरांका बुद्धी दी! जाळूचा तर दुपारी, वारो वर घाटाकडे सुटल्यार! एकट्यान नाय, वाडीतली चार माणसा आणि आग मारूक ओल्या पानांचे टाळे हाताशी घेवन! आज ह्या वाडीन, उद्या त्या वाडीन! आणि जो कोण पाटेफुडे काडी ओढीत, त्येका ह्यो मांड आठवूंदे रे म्हाराजाऽऽ!”

“होय म्हाराजा!”

सगळा गाव. आता कुणी सवयीने म्हटलं, कुणी हसत म्हटलं, कुणी बाबांकडे बघत म्हटलं, ते मला माहीत नाही. पण म्हटलं. मी नारळ आपटला. एका फटक्यात दोन भकलं.

आणि मग भांडण सुरू झालं. आमच्या गावात नारळ फुटल्याशिवाय भांडण सुरू करत नाहीत, तेवढी शिस्त आहे.

“ह्या काय चल्ला हा?” बाबलकाका लालबुंद. “चेडवान गाऱ्हाणा घालूचा? कधी झाला ह्या? तुटला गाऱ्हाणा! झिलू थांबलो तेव्हाच तुटला!”

“खंड खय पडलो?” म्हातारे गुरव भकलं गोळा करत म्हणाले. “मागणा अर्ध्यार होता, ता पुरा झाला. आवाज गवसांच्याच घरातलो. मान घराचो आसा बाबल, दाढीमिशेचो न्हय.”

“आणि ती दुपारची भानगड? ती कोणी मागूक सांगितलेली हिका? माझी काजी मी कधीय जाळीन! तेवढा मोडा त्यातला!”

वर्षभरापूर्वी असतं तर मी आईच्या पदरामागे गेले असते. पण आता आवाज बाहेर आला होता, तो परत आत जायला तयार नव्हता.

“मोडूया ना काका,” मी म्हटलं. “पण गाऱ्हाणा एकच असता. मोडला तर अख्खा मोडला.”

“मोडूंदे अख्खा!”

“मग मंगेशदादाचा लगीनय मोडला.”

  बायकांच्या बाजूने बाबलकाकांच्या बायकोचा, जनाकाकूचा आवाज आला. ती मोठ्याने कधी बोलत नाही.

“अवो,” ती म्हणाली, “गप ऱ्हवा. तीन वरसा थांबलंय मी सुनेक. होय म्हाराजा म्हणा आणि घराक चला.”

मांड हसला. ढोलवाल्यांनी ढोल उचलले. बाबलकाका टोपी काढून डोकं खाजवत राहिले, आणि शेवटी देवाकडे तोंड करून, आम्हा कुणाकडे न बघता, काहीतरी पुटपुटले. काय ते ऐकू आलं नाही, पण दोन शब्दच होते.

मी वळले. बाबा देवळाच्या पायरीवर बसले होते. फेटा मांडीवर. सदऱ्याच्या आतून पंप काढून, सगळ्या गावासमोर, दोनदा ओढला. लहान मुलं जवळ जाऊन बघत होती. कुणी हसलं नाही. पंप परत ठेवताना तो त्यांनी बाहेरच्या खिशात ठेवला.

घरी येताना ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना नाही, सोंगं दारात आली तेव्हाही नाही. आई म्हणाली, “बोलतले.” मी म्हटलं, “मी त्येंका गावात उघड्यार पाडलंय.” आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “आवाज खाली कर, आयकतत ते.” मग आम्ही दोघी हसलो, पण मला झोपताना बरं वाटत नव्हतं. आमच्या घरातला मान वाचला होता. पण तो बाबांच्या हातातून मीच काढून घेतला, असं तर नाही ना?

दुसऱ्या दिवशी पहाटे मला खराट्याच्या आवाजाने जाग आली.

खर्र, खर्र, खर्र. काजूकडून.

मी तशीच अनवाणी बाहेर आले. बाबा पाठमोरे होते. काल अर्धा जळलेल्या ढिगावर नवा पाला ओढून त्यांनी तो नीट गोल केला होता. खराटा झाडाला टेकवला, कनवटीची काड्यापेटी काढली, आणि काडी ओढली. वर्षानुवर्षांचा हात, तो आपोआपच ओढणार.

वारा अजिबात नव्हता. काडीची ज्योत सरळ उभी, हलतसुद्धा नव्हती. बाबा वाकले. आणि वाकलेलेच राहिले. ज्योत काडीवरून खाली सरकत त्यांच्या बोटांपर्यंत आली.

मग त्यांनी फुंकर मारली. विझलेली काडी ढिगात न टाकता खिशात टाकली.

“उठलंस?” ते मागे न बघता म्हणाले.

“होय.”

“दुपारी जाळूचा तर माणसा व्हयी.”

“व्हयी.”

“कोणाकोणाक सांगूया?”

“खालची वाडी. फाटक. सरूमावशी,” मी म्हटलं, आणि मग हळूच, “बाबलकाका.”

बाबा वळले. डोळे लाल होते, पण गालातल्या गालात हसत होते. “तो येतलो?”

“वैशाखापर्यंत तरी येतलो.”

ते हसले, हसताना जरासं खोकले, आणि ढिगाच्या बाजूच्या दगडावर बसले. खाली नदी दिसत नव्हती. कुठूनतरी, कुणाच्या तरी वाडीतून, पाल्याचा वास येतच होता. पलीकडचा किनारा नुसता अंदाजाने.

“हाक मार मग,” बाबा म्हणाले.

“मी?”

“माझी थयसर पोचणा नाय आता. तू मार.”

मी काजूच्या मुळावर चढले. छाती भरून घेतली. तो वास आला आत, पण आला तर आला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, फाटकांना, सरूमावशीला, खालच्या वाडीला, बाबलकाकांना, सगळ्यांना एकदम, दुपारी या म्हणून.

 मग पहिलं उत्तर आलं ते आमच्या वाडीतून नव्हे. नदीपलीकडून, गोव्यातून.

“येतां गेऽऽ! पूण कोण गे तूं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “सांग,” ते म्हणाले. “इचारतत ते.”